रिकामी गव्हाण

बाळ हरवलंय, असंच मला वाटलं होतं.

मी सहा-सात वर्षांची असेन. शेजारच्या आजींनी बाहेरच्या खोलीत नाताळचा गोठा मांडला होता. तपकिरी कागद चुरगाळून केलेला डोंगर, त्यावर लाकडाचा भुसा, गवताने शाकारलेलं छप्पर. आत मातीची चित्रं: गुडघे टेकून बसलेली मरिया, काठीवर रेललेला योसेफ, बैल, एका कानाचा टवका उडालेलं गाढव, तीन मेंढ्या. सगळ्यांच्या माना एकाच जागेकडे वळलेल्या, आणि त्या जागी तळहातावर मावेल एवढी लाकडी गव्हाण. तिच्यात गवत होतं. बाकी काही नव्हतं.

मी पलंगाखाली शोधलं, चटई उचलून पाहिली. आजी पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"काय शोधतेस गं?"

"बाळ पडलंय कुठेतरी."

"पडलं नाही. यायचंय अजून."

"कधी येणार?"

"चोवीस तारखेच्या रात्री."

"मग हे सगळे आत्ताच येऊन का बसलेत?"

आजी माझ्या शेजारी खाली बसल्या. गाढवाचं तोंड थोडं सरळ केलं आणि म्हणाल्या, "वाट बघतायत."

पूर्वेकडचे तीन ज्ञानी पुरुष, म्हणजे आजींच्या बोलण्यातले तीन राजे, त्या गोठ्यात नव्हतेच. ते खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, शिवणयंत्राच्या फळीवर उभे होते. रोज त्यांना थोडं पुढे सरकवायचं आणि ६ जानेवारीला गोठ्यापाशी पोहोचवायचं, असा नेम होता. ते काम आजींनी माझ्यावर सोपवलं. शाळेतून आले की दप्तर टाकून मी आधी राजांना सरकवायला जायची. एक दिवस मी त्यांना घाईने अर्धी खोली पार करवली. आजी रागावल्या नाहीत. त्यांनी तिघांना उचलून परत यंत्रावर ठेवलं आणि म्हणाल्या, "लांबून येतात ना ते."

नाताळ म्हटलं की बहुतेकांना २५ डिसेंबर आठवतो. मला त्याच्या आधीचे चार रविवार आठवतात. ख्रिस्ती पंचांगात त्यांना आगमनकाळ म्हणतात. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा रविवार हा त्यातला पहिला, त्यामुळे तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान कधीही येतो. या दिवसांत धर्मगुरूंचा झगा जांभळा असतो, पश्चात्तापाचा आणि तयारीचा रंग. तिसऱ्या रविवारी एकदाच तो गुलाबी होतो, कारण अर्ध्याहून अधिक वाट सरलेली असते. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरेत तर नाताळाआधी ४० दिवसांचा उपास आहे. सणाआधी एवढी लांब ओसरी बांधणाऱ्या माणसांना वाट पाहण्याची किंमत नक्की कळलेली असणार.

आगमनकाळाचं जे हिरवं कडं आज घरोघरी आणि चर्चमध्ये दिसतं, चार मेणबत्त्यांचं, त्याची सुरुवात मुलांच्या एका प्रश्नातून झाली असं सांगतात. जर्मनीत हॅम्बुर्गला योहान हिनरिख विचर्न नावाचे एक धर्मसेवक होते. १८३३ मध्ये त्यांनी गरीब, निराधार मुलांसाठी एक आश्रम सुरू केला. डिसेंबर आला की मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? १८३९ मध्ये विचर्न यांनी गाडीचं एक जुनं लाकडी चाक घेतलं. त्यावर रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या आणि मधल्या दिवसांसाठी छोट्या लाल. रोज एक वात पेटायची. मुलांना उत्तर मिळालं, शब्दांत नव्हे, मोजता येईल अशा उजेडात. सुचिपर्णी डहाळ्यांचं कडं, चारच मेणबत्त्या, हे सगळं पुढे आलं. त्याच शतकात जर्मन घरांतून दारावर खडूच्या चोवीस रेघा ओढून रोज एक पुसायची चाल होती. छोट्या खिडक्या उघडायच्या छापील दिनदर्शिका विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्या.

मला त्या चाकाचं फार अप्रूप वाटतं. चालण्यासाठी असलेली वस्तू. तिला थांबवून आडवी ठेवली आणि तिच्यावर दिवे लावले.

आजींच्या रिकाम्या गव्हाणीकडे मी मोठेपणी पुन्हा वळले ती वाचनातून. संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीत, रोम आणि असिसीच्या मधल्या डोंगराळ भागात, ग्रेच्चो गावात, नाताळच्या रात्री बेथलेहेमचा देखावा उभा केला. गोठा मांडण्याच्या परंपरेचं मूळ म्हणून याच रात्रीकडे बोट दाखवतात. चेलानोच्या तोमासने काही वर्षांतच फ्रान्सिस यांचं चरित्र लिहिलं, त्यात तिचं वर्णन आहे. नाताळाच्या पंधरा दिवस आधी त्यांनी ओळखीच्या एका माणसाला निरोप धाडला. त्या बाळाला किती गैरसोयीत, गवतावर, बैल आणि गाढवाच्या शेजारी निजावं लागलं हे मला डोळ्यांनी पाहायचंय, असा त्याचा आशय. गवत आणलं गेलं, बैल आला, गाढव आलं, गावकरी मशाली आणि मेणबत्त्या घेऊन डोंगर चढून आले. गव्हाणीपाशी मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती सामुदायिक उपासना, झाला.

त्या वर्णनात बाळाची मूर्ती नाही. मरिया आणि योसेफ यांच्याही मूर्ती नाहीत. गवताने भरलेली गव्हाण आहे आणि दोन जनावरं आहेत. हजर असलेल्यांपैकी एका माणसाला तिथे बाळ निजलेलं दिसलं आणि फ्रान्सिस त्याला झोपेतून हलकेच जागं करताहेत असा भास झाला, असं तोमास लिहितो. एकाच माणसाला. बाकीच्यांनी गवतच पाहिलं आणि तरी ते, त्याच्या सांगण्यानुसार, आनंदाने घरी परतले. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. आजींनी हे वाचलेलं असणं शक्य नव्हतं. त्यांनी ते त्यांच्या आईकडून घेतलं असेल, आईने तिच्या आईकडून.

बैल आणि गाढव शुभवर्तमानांत, म्हणजे येशूचं जीवन सांगणाऱ्या बायबलच्या पुस्तकांत, कुठेच येत नाहीत, हेही तेव्हाच कळलं. ते आले बायबलमधल्याच, त्याहून जुन्या, यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातून. बैल आपल्या धन्याला ओळखतो आणि गाढव आपल्या मालकाच्या गव्हाणीला, अशा अर्थाचं वचन तिथे पहिल्याच अध्यायात आहे. टवका उडालेल्या त्या गाढवाबद्दल मला अधिकच माया वाटू लागली.

तारखेबद्दल थोडं सांगायला हवं. शुभवर्तमानांत जन्माची तारीख नाही, ऋतूही नाही. रोममधल्या इ.स. ३५४ च्या एका संकलित पंचांगात २५ डिसेंबरला बेथलेहेममधल्या जन्माची नोंद आहे. हीच तारीख का, यावर अभ्यासकांचे दोन मुख्य तर्क आहेत. रोमन लोक २५ डिसेंबरला सूर्याचं हिवाळी अयन, म्हणजे वर्षातला सर्वांत लहान दिवस, मानत, आणि सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये अजिंक्य सूर्याचं मंदिर अर्पण केलं होतं, हा एक धागा. २५ मार्चला गर्भधारणा धरून पुढे नऊ महिने मोजले, हा दुसरा. जुलियन पंचांग पाळणारी चर्चेस आजही ७ जानेवारीला नाताळ करतात, आर्मेनियन चर्च ६ जानेवारीला. मला या वादात निकाल नको आहे. वर्षातल्या सर्वांत लांब रात्रींच्या आसपास कुणीतरी हा जन्म आणून ठेवला, एवढं मला पुरतं.

त्या रात्री तरी किती विलक्षण असतात. २१ किंवा २२ डिसेंबरला उत्तर गोलार्धात दिवस सर्वांत लहान, एवढं शाळेत शिकले होते. त्यावरून मी धरून चालले होते की त्याच दिवशी सूर्य सर्वांत उशिरा उगवतो आणि सर्वांत लवकर मावळतो. तसं होत नाही. लंडनमध्ये सर्वांत लवकरचा सूर्यास्त १२ डिसेंबरच्या आसपासच होऊन जातो आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय वर्ष पालटता पालटता येतो. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, शिवाय जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि कक्षेत जोरात पळते. या दोन्हींमुळे त्या दिवसांत एका माध्यान्हीपासून दुसरीपर्यंतचं अंतर चोवीस तासांहून सुमारे अर्ध्या मिनिटाने जास्त भरतं. घड्याळात सूर्याची माध्यान्ह रोज थोडी पुढे सरकते आणि उगवती-मावळतीलाही सोबत ओढते. म्हणजे संध्याकाळ उजळू लागलेली असते, तेव्हा सकाळ अजून काळवंडतच असते. थंडीचंही तसंच. सर्वांत लहान दिवस उलटला तरी जमीन आणि पाणी साठलेली ऊब गमावतच राहतात, म्हणून कडाका पडतो तो बहुधा जानेवारीत.

वळण आलेलं असतं, पण अंगाला ते कळत नाही. हे मी एका डिसेंबरात फार जवळून पाहिलं. त्याकडे येतेच, पण आधी एका झाडाबद्दल.

पॉइन्सेटिया. नाताळात सगळीकडे दिसणारं, लाल पानांचं. मूळ मेक्सिकोचं, तिथे त्याला स्पॅनिशमध्ये 'नोचेबुएना' म्हणतात, शब्दशः 'चांगली रात्र'. २४ डिसेंबरच्या रात्रीचंही तेच नाव. ज्याला आपण लाल फूल समजतो ती रंगलेली पानं असतात, खरी फुलं मधोमध, बारीक, पिवळसर. एका नाताळात मी हे झाड विकत आणलं आणि त्याच्या प्रेमात पडले. जानेवारी-फेब्रुवारीत लाली गळाली, मी निगुतीने छाटलं, नवी हिरवी पालवी आली. पुढचा डिसेंबर आला, झाड डेरेदार, पण हिरवंगार. त्याच्या पुढच्याही डिसेंबरात हिरवंच. मी खत बदललं, माती बदलली. अधिक उजेड मिळावा म्हणून दिवाणखान्यात अगदी दिव्याखाली नेऊन ठेवलं.

तोच तर घोटाळा होता. या झाडाला लाल होण्यासाठी अंधार लागतो. शरदापासून पुढे कित्येक आठवडे, रोज साधारण चौदा तासांचा, मधे न तुटलेला अंधार. रात्री कुणी दिवा लावला, खिडकीतून रस्त्यावरचा उजेड आला, तरी त्याचा हिशेब बिघडतो. दिवसा भरपूर ऊन हवं, आणि रात्र पूर्ण रात्र हवी. मी दोन वर्षं मायेपोटी त्याची रात्र हिरावून घेत होते.

तेव्हापासून रोज संध्याकाळी पाचला त्याच्यावर पुठ्ठ्याचा मोठा खोका पालथा घालते आणि सकाळी सातनंतर काढते. पहिल्या वर्षी महिनाभर काहीच दिसलं नाही. मग एका सकाळी खोका उचलला तर शेंड्याच्या दोन पानांच्या शिरा लालसर झालेल्या. मी कुणाला हाक मारून दाखवावं म्हणून वळले आणि घरात कुणी नव्हतं.

कारण त्या वर्षी बाबा रुग्णालयात होते.

डिसेंबरचा पहिला आठवडा होता. अतिदक्षता विभागाच्या बाहेर मी बाकावर बसायची. भेटीची वेळ सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मधले तास नुसते सरत. खालच्या मजल्यावर येण्याजाण्याच्या वाटेत कुणीतरी सुरेख गोठा मांडला होता, चकाकत्या कागदाचा, लुकलुकत्या दिव्यांचा. आणि त्यात बाळ होतं. पहिल्या दिवसापासून. गुलाबी गालांचं, हात पसरलेलं.

मला ते सहन होईना. मी आजवर कुठल्याही वस्तूवर एवढी चिडलेली नाही. आजूबाजूला पन्नास माणसं कशाची ना कशाची वाट पाहात बसली होती, तपासणीच्या अहवालाची, डॉक्टरांच्या एका वाक्याची, आणि त्या गोठ्यात जणू सगळं होऊन गेलं होतं. एका रात्री वर्दळ कमी असताना मी ते बाळ उचललं आणि गव्हाणीतल्या गवताखाली झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत वर होतं. झाडलोट करणाऱ्या मावशींनी ठेवलं असणार, पडलं असं समजून. मी पुन्हा हात लावला नाही. त्यांनी ते किती जपून मधोमध ठेवलं होतं, ते दिसत होतं.

तिथे बसून मला एक गोष्ट उमगली. आगमनकाळ ही तारीख ठाऊक असलेली वाट आहे. चार मेणबत्त्या, चोवीस खिडक्या, रोज बोटभर पुढे सरकणारे राजे. पण आयुष्यातली बहुतेक वाट बिनतारखेची असते. कधी संपेल ते कळत नाही, शेवटी काय हाती येईल तेही नाही. मला लहानपणी कुणी बिनतारखेची वाट पाहायला शिकवली नव्हती, शिकवता येतही नसेल. तारखेच्या वाटेवर हात बसलेला होता, तेवढ्यावर मी ते दिवस काढले. रोज सकाळी निघताना खोका उचलायचा, पानांच्या शिरा बघायच्या, रोज संध्याकाळी धावत येऊन झाकायचा, परत जायचं. संध्याकाळी प्रकाश थोडा अधिक रेंगाळू लागला होता हे मला जाणवलंही होतं. सकाळ मात्र अजून उशिरा उजाडत होती.

बाबा १९ तारखेला पहाटे गेले. अजून अंधार होता.

२४ च्या रात्री आजींचा फोन आला. त्या तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या. "येशील का जरा?" एवढंच म्हणाल्या. मी गेले. त्यांनी सांत्वनाचं काही काढलं नाही. दिवा मालवलेला होता, गोठ्यापाशी एक मेणबत्ती. कपाटातून त्यांनी कापसात गुंडाळलेली डबी काढली.

"माझा हात हलतो आता. तू ठेव."

"आजी, मी सुतकात आहे."

"त्याला चालतं," आजी म्हणाल्या.

मी बाळ गवतावर ठेवलं. ते इतकं हलकं होतं की ठेवल्यासारखं वाटेना, म्हणून बोट क्षणभर तिथेच राहू दिलं. मग आम्ही दोघी गप्प बसलो. मध्यरात्रीच्या घंटा ऐकू आल्या तेव्हा आजी हळूच म्हणाल्या, "बाबांचा आवाज छान होता तुझ्या." बाबा दरवर्षी त्यांच्याकडे येऊन दारातूनच एक गीत म्हणत, चुकीच्या शब्दांत. मला रडू आलं ते तेव्हा, त्या सहा दिवसांत पहिल्यांदा.

पोलंडमध्ये नाताळच्या आदल्या संध्याकाळी आकाशात पहिली चांदणी दिसेपर्यंत जेवायला बसत नाहीत. मुलं खिडकीशी उभी राहून ती शोधतात. मेजावरच्या पांढऱ्या कापडाखाली थोडं गवत पसरतात, गव्हाणीची आठवण म्हणून. आणि एक पान जास्तीचं मांडतात, अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी. त्या वर्षी न परतणाऱ्याचीही आठवण त्या पानाशी असते, असं तिथले लोक म्हणतात. जगातल्या सगळ्या नाताळ-प्रथांतून मला एकच निवडायला सांगितली तर मी हे पान निवडेन.

दक्षिण गोलार्धात हा सण ऐन उन्हाळ्यात येतो. मग अंधाराचं, थंडीचं एवढं काय, असं कुणी विचारेल. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला १९३८ पासून लोक नाताळाच्या आधी उघड्यावर जमून मेणबत्तीच्या उजेडात गीतं गातात. त्यामागे एक हकिगत सांगतात. नॉर्मन बँक्स हे रेडिओ निवेदक आदल्या वर्षी रात्री उशिरा घरी चालले होते. एका खिडकीत एक वृद्ध बाई एकटीच रेडिओ ऐकत बसलेली, चेहऱ्यावर मेणबत्तीचा उजेड. त्यांना वाटलं, असे एकेकटे बसलेले सगळे एकत्र आले तर? थंडी नसली तरी खिडकीतली ती बाई सगळीकडे असते.

आज बाजारात नाताळ नोव्हेंबरातच उजळतो आणि २६ डिसेंबरला सकाळी उतरवला जातो. दिव्यांचं मला वावडं नाही, रस्ता उजळला की मलाही बरं वाटतं. दुःख होतं ते उतरवण्याच्या घाईचं. जुन्या परंपरेत २५ ला सण सुरू होतो. पुढे बारा दिवस चालतो, राजे पोहोचेपर्यंत. काही घरांतून गोठा २ फेब्रुवारीपर्यंत राहतो, त्या दिवशी चर्चमध्ये मेणबत्त्यांना आशीर्वाद देतात. आजींचा तसाच राहायचा. जानेवारीच्या कडाक्यात, बाकी सगळीकडचे दिवे गेलेले असताना, त्यांच्या कोपऱ्यात गाढव आणि बैल अजून बाळाशेजारी उभे असायचे.

आजी गेल्याला तीन वर्षं झाली. त्यांच्या मुलीने गोठ्याची पेटी माझ्याकडे दिली. छप्पर मोडलं होतं, ते मी नवं केलं. एक मेंढी कमी आहे. गाढव आहे.

परवा पहिला रविवार झाला. एक मेणबत्ती लावली. राजे पुस्तकांच्या कपाटावर, वरच्या फळीच्या टोकाला आहेत, त्यांना या वर्षी लांबचा पल्ला आहे. डबी टेबलाच्या खणात आहे, कापसासकट. रात्री झोपण्यापूर्वी मी एकदा गव्हाणीशी जाऊन गवत सारखं करते.

खिडकीबाहेर उजेड उतरू लागलाय. शेंड्याच्या चार पानांवर लाली धरलीय, पाचवं अजून हिरवं. पाच वाजत आले, खोका घालायला हवा.